चाळीस मिनिटांची कॅसेट

प्रिय दादा,

फोनवर मी मुद्द्याचं बोलायला लागले की तू 'बरं बरं' म्हणतोस आणि वहिनीच्या हातात फोन देऊन मोकळा होतोस, म्हणून हे पत्र. हेही तिच्याकडे सरकवलंस तर ती मोठ्याने वाचून दाखवणार आहे. तसं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

मी मजेत आहे. खोली लहान, पण खिडकी मोठी. रेडिओ केंद्रातलं काम अंगवळणी पडलंय. घरातली पहिली पदवीधर ज्या खुर्चीवर बसणार म्हणून आई वाट बघत होती, त्या खुर्चीचं एक चाक निखळलेलं आहे. तेवढं तिला सांगू नकोस.

ती कॅसेट तुझ्या टेप-दुरुस्तीच्या दुकानात आली तेव्हा मी सातवीत होते. कुणाच्या तरी बिघडलेल्या टेपमध्ये अडकून आली आणि मालक तिला न्यायला परत फिरकलाच नाही. लेबल अर्धं फाटलेलं. कुठलातरी ब्रिटिश रॉक बँड आणि त्यांचा पहिलाच अल्बम, एवढंच त्यावरून कळत होतं. इंग्रजी तुला येत नव्हतं, मलाही नाही. पण पहिल्या गाण्याचे ड्रम सुरू झाले आणि तू हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवलास. 'ही पोरं पहिल्यांदाच वाजवतायत,' म्हणालास, 'बघ, कशी जीव तोडून वाजवतायत. पुढच्या वेळी शहाणी होतील.' त्या दिवसापासून आपण त्या पोरांचे झालो. पहिल्या गाण्याला तू 'गिरणी' नाव दिलंस, तिसऱ्याला मी 'जिन्यावरून धावत', आणि पाचवं शांत गाणं वहिनीने लग्नानंतर स्वतःच्या नावावर करून घेतलं. कॉलेजात गेल्यावर मी डिक्शनरी घेऊन बसले आणि शब्द उतरवून आणले. 'गिरणी' हे चुकलेल्या बसबद्दलचं गाणं निघालं. तू म्हणालास, 'अर्थ नको सांगूस गं, गाणं लहान होतं.'

आणि मग तीच कॅसेट तुझी मोजपट्टी झाली. कुठलाही टेप दुरुस्त झाला की तू त्यात 'गिरणी' लावायचास, आपल्या दुकानातल्या जुन्या टेपवर ऐकलेली गती आठवून पायाने ताल धरायचास, आणि डोळे मिटून मोटरचा गतीचा स्क्रू केसभर फिरवत राहायचास. 'कान मशीनला नको लावूस, पायाला लाव,' मला सांगायचास. पाय ड्रमशी जुळला की टेप गिऱ्हाइकाकडे. माझं सगळं शिक्षण त्या स्क्रूवर झालं.

इथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात केंद्रातल्या साउंड इंजिनिअरने तोच अल्बम लावला. मी त्याला अगदी नम्रपणे सांगितलं, 'जरा फास्ट लागलाय.' तो हसत सुटला. मी घड्याळ लावलं. सदतीस मिनिटं. आपला चाळीस मिनिटं चालायचा. आपला दुकानातला टेप पहिल्यापासूनच हळू होता दादा, आणि त्याच्या मापाने तू अख्ख्या वस्तीचे टेप हळू करून ठेवले होतेस.

मला गंमत वाटली होती, खरंच. पण सुट्टीत आले ती थेट दुकानात, आणि व्यायामाच्या बाई व घड्याळवाले काका समोर उभे असताना म्हणाले, 'दादा, बारा वर्षं आपण चुकीचं ऐकतोय!' काका म्हणाले, 'चला, पोरीचं शिक्षण फुकट नाही गेलं.' बाई म्हणाल्या, 'तरीच म्हटलं, याने मशीन दुरुस्त केल्यापासून माझ्या वर्गातल्या बायकांना धाप कशी लागत नाही!' सगळे हसले. तूही हसलास. मग कॅसेट काढलीस, शर्टाच्या कडेला पुसलीस आणि खालच्या खणात ठेवलीस.

वहिनी सांगते, ती अजून खणातच आहे. आणि आता टेपची गती लावायची असली की तू तो पलीकडच्या मीटरवाल्या मेकॅनिककडे पाठवतोस. 'ती शिकलेली आहे, तिचं बरोबर असणार. आपल्या कानाचा काय भरवसा?' असं म्हणालास म्हणे. दादा, हे वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही.

तुला न सांगता एक गोष्ट केली होती, ती आता सांगते. त्याच सुट्टीत मी ती कॅसेट खणातून गुपचूप नेली आणि बाईंच्या वर्गात, केस कापणाऱ्या दुकानात आणि मावशीकडे, तू दुरुस्त केलेल्या तीन टेपवर पूर्ण वाजवली. घड्याळ हातात धरून. मग होती तशी खणात परत ठेवली. तिन्हीकडे चाळीस मिनिटं. तिन्हींत मिळून फरक पाच सेकंदांचाही नव्हता. वेगवेगळी मशीन्स, वेगवेगळी वर्षं, आणि मोजायला तुझा एक पाय. इंजिनिअरला सांगितलं तर त्याने दोनदा विचारलं, 'मीटरशिवाय?' चूक मोजपट्टीत होती. कानात कधीच नव्हती. हे मी त्या दिवशी चारचौघांत सांगायला हवं होतं. अर्धंच मोजून आले आणि तोंड उघडलं. चुकले.

म्हणून आता मुख्य गोष्ट. मला पहिलाच कार्यक्रम मिळालाय, गुरुवारी दुपारी चारला, अर्ध्या तासाचा. विषय मीच निवडायचा होता. आपला अल्बम निवडला. मीसुद्धा पहिल्यांदाच वाजवणार आहे, तेव्हा जीव तोडून वाजवीन, पुढच्या वेळी शहाणी होईन. दुकानात आपलं केंद्र लागतं, खरखरत का होईना. पावणेचारला कॅसेट बाहेर काढ आणि जुन्या टेपमध्ये घाल. मी 'गिरणी' लावीन तेव्हा तूही लाव, आणि रेडिओवरच्या ड्रमशी जुळेपर्यंत जुन्या टेपचा स्क्रू फिरवत राहा. गाणं संपलं की, तू कॅसेट मागे फिरवेपर्यंत थांबून, मी एक शब्दही न बोलता ते पुन्हा लावणार आहे; इंजिनिअरची परवानगी काढलीय. ऐकणाऱ्यांना वाटेल, नवी मुलगी गोंधळली. वाटू दे. दुसऱ्यांदा तू लावशील तेव्हा ड्रम दोन्हीकडून एकदम पडतील, शेवटपर्यंत. माझा पाय इथे टेबलाखाली ताल धरून असेल. घड्याळवाल्या काकांना आणि बाईंना आवर्जून बोलाव. फक्त बाईंचं मशीन आहे तसंच राहू दे, नाहीतर त्या बायका मला शिव्या घालतील.

तुझीच,
शेंडेफळ