बसवाच्या शिंगांचं रेडियम

१५ ऑगस्ट १९३६, शनिवार. वालूर.
उद्या पोळा. आमच्या बसवाच्या शिंगांना यंदा गेरू नाही. रेडियम! भुजंग घड्याळजी घड्याळाच्या आकड्यांना लावतो तेच, अंधारात चमकतं. बाटलीच्या तळाचं फेकून देत होता. फेकलेलं मला बघवत नाही. हे म्हणाले, बैल हाय का भिंतीवरचं घड्याळ? मॅट्रिकला सायन्स कुणाला होतं, यांना की मला? शिवाय घरातली प्रत्येक गोष्ट मी लिहून ठेवते. चूक होणार कशी?

१६ ऑगस्ट. पोळा.
कुंचल्याचे केस विस्कटलेले. ओठांत धरून टोक काढलं की रेघ सुईसारखी. पन्नासदा तरी धरला असेल. चव काहीच नाही. थेंबसुद्धा वाया नाही. गोठ्याचं दार लावून पाहिलं, साक्षात नंदी! मग अंधाऱ्या देवघरात पूजेला बसले. सासूबाई म्हणाल्या, भागम्मा, तुजे दात चमकायलेत की गं! म्हटलं, जपाचं तेज.

२४ ऑगस्ट.
सोलापूरहून भावानं मासिक पाठवलं. त्यात रेडियमवर लेख. परदेशात उंदरांना, सशांना अगदी थोडं थोडं दिलं, तरी काहींच्या हाडांत पुढे कॅन्सरच्या गाठी. किती थोडं चालतं, कुणालाच सांगता येत नाही. पुढचं पान फाडून सासूबाईंनी त्यात विभूती बांधली. असू दे. त्यातही जनावरंच असणार.
शिंगाच्या आत हाड असतं! उद्यापासून रंग खरवडणे. निश्चय.

२६ ऑगस्ट.
वीट, राख, घासलेट. बसवानं दोनदा ढकललं. हे म्हणाले, बैल बरा हाय, तू जरा थांब. अडाण्यांना कोण समजावणार?

२८ ऑगस्ट.
शिंगाच्या बुडातून रक्त. रोगच! नंदी गेला तर महादेवाला कुठल्या तोंडाने सामोरी जाऊ? तो बरा होईपर्यंत एकभुक्त.
दुपारी दोन केळी. फराळ जेवणात धरत नाहीत.

३१ ऑगस्ट, सोमवार.
परभणीहून गुरांचे डॉक्टर आले. म्हणाले, रोग नाही, विटेची जखम आहे. हळद लावा, वीट लपवा. रंग वरवरचा होता, निघाला. पोटात गेला तर वाईट, हा शिंग चाटत नाही ना?
मला हसू आलं. विचारलं, बैलाची जीभ शिंगाला पोचते का, साहेब? तेही हसले. मग सहज म्हणाले, ब्रश को नोक कैसा करे, अम्मा?
मी पदर तोंडाला लावला. सासूबाईंनी ओठांत बोट धरून करून दाखवलं.
डॉक्टर हसायचे थांबले.

१ सप्टेंबर.
विभूती डबीत ओतली. पान वाचलं. जनावरं नाहीत. घड्याळं रंगवणाऱ्या पोरी. कुंचला ओठांत धरायच्या. आधी दात गेले, मग जबडा.
बसवा मजेत रवंथ करतोय.
जिभेनं दात मोजले. अठ्ठावीस.
आधी किती होते, तेवढं कुठंच लिहून ठेवलेलं नाही.