उतारा

मु. बीबी, मंगळवार, जून १९६३

हात अजून झिणझिणतोय. आज मी एका माणसाच्या मुस्काटात मारली.

किसनच्या पायात आठवड्यापूर्वी वखराची लोखंडी पास घुसली होती, वर शेण थापलेलं. काल दवाखान्यात आणला तेव्हा जबडा उघडत नव्हता. धनुर्वात. माझ्याकडे प्रतिविषाचं इंजेक्शन नाही. त्याच्या थोरल्या भावाला, नामदेवला, बजावलं, "आजच उतारा दिला पाहिजे. मेहकरला ने." प्रतिविष म्हटलं तर कळणार नाही, म्हणून सोपा शब्द वापरला. सोपा म्हणे.

आज संध्याकाळी बोलावणं आलं. किसन डोकं आणि टाचा टेकून कमान झालेला, त्याला दाबून धरायला चौघे. कुणाच्या हातून तांब्या पडला. त्या आवाजासरशी तो असा ताठला की चौघेही फेकले गेले. जीभ दातांत, तोंडभर रक्त. विष एकदा नसांत भिनलं की उताऱ्याचा काय उपयोग?

नामदेवला विचारलं, "मेहकरला का नेलं नाहीस?"

"उतारा तं कालच टाकला न जी, लिंबू-भात ओवाळून. आपल्या गावात तिठा असतानी मेहकरले काऊन जायचं?"

तेव्हा मारली. नामदेवनं गालसुद्धा चोळला नाही. "कमी पडला का जी? कोंबडं देतो," म्हणाला. तेवढ्यात पुन्हा तो मेला तांब्या लवंडला. किसन पुन्हा कमान झाला आणि सैल पडला, तो कायमचा.

परतताना तिठ्यावर तो उतारा दिसला. लिंबाला कुंकू, भाताला मुंग्या. लाथेनं उडवायचा म्हणून सायकलवरून उतरलो.

आणि वळसा घालून घरी आलो.