तुमच्या लेबलाखाली माझं लेबल

सर, सात नंबरच्या पेटीतल्या त्या काळ्या मुंगळ्याच्या टाचणीला मी परवा हात लावला. तुमचं लेबल काढलेलं नाही. ते होतं तिथेच आहे, तुमच्या बारीक तिरक्या अक्षरात, वर जातीचं नाव आणि खाली तुमची सही. त्याखाली त्याच टाचणीत मी माझं लेबल खोवलं आहे, थोडं बाहेर सरकवून, म्हणजे वरूनही वाचता येईल. त्यावर दुसऱ्या जातीचं नाव आहे आणि माझं नाव आहे. उद्या प्रयोगशाळेशेजारच्या खोलीला तुमचं नाव देणार आहेत. तुमच्या पेट्या तिथे काचेच्या कपाटात लागतील आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती दोन लेबलं दिसतील. प्राचार्य नको म्हणाले होते. मी लावलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे तुम्हाला विचारता आलं नाही. विचारलं असतं तर तुम्हीही नकोच म्हणाला असता, आणि तरी मी लावलं असतं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं लिहायला सोपं जाईल.

मी तुमच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागले तेव्हा माझी बारावी झाली होती. सौंदडहून सकाळच्या गाडीने अर्जुनीला उतरायचं, कुलूप काढायचं, काचपट्ट्या धुवायच्या, पेट्यांतल्या डांबरगोळ्या बदलायच्या, असं काम. एक दिवस मायक्रोस्कोप पुसता पुसता मी आत डोकावले आणि तिथेच राहिले. मागून तुमचा आवाज आला, "काय पाहून राहिली?" मी दचकून म्हटलं, "सर, याच्या पाठीवर काटे आहेत." तुम्ही रागावला नाहीत. "किती?" म्हणालात. मी सांगितलं, चार. "कमरेवरचे मोजलेस का? परत मोज." मी परत मोजले. छातीवर चार आणि कमरेच्या गाठीवर आणखी दोन. त्या दिवसापासून तुम्ही मला ओळख पटवायची रीत शिकवायला लागलात. एका वेळी दोनच पर्याय. काटे आहेत की नाहीत. असतील तर सरळ की वाकलेले. एक पायरी चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात, हे तुम्ही दहादा तरी सांगितलं असेल. दुसरं सांगायचात ते लेबलाचं. एकदा लागलेलं लेबल कधी काढायचं नाही. कुणाला वेगळं वाटलं तर त्याने आपलं मत आपल्या नावानं खाली लावायचं. पुढचा माणूस दोन्ही वाचेल आणि मुंगी बघून ठरवेल. हे मला तेव्हा फार आवडलं होतं. आमच्या घरात असं कुणाचं मत कुणाच्या मताखाली टिकत नसे.

मुंगळे चिकटवायचं काम माझ्याकडे आलं ते माझा हात हलका म्हणून. जाड कागदाचा छोटा त्रिकोण कापायचा, त्याच्या टोकाला सुईने डिंकाचा थेंब लावायचा, त्यावर मुंगळा टेकवायचा आणि त्रिकोणाच्या रुंद बाजूतून टाचणी घालायची. थेंब पायांच्या मधेच राहिला पाहिजे. माझा थेंब मोठा पडायचा. "मुंगी चिकटवायला सांगितली आहे, आंघोळ घालायला नाही," असं तुम्ही म्हणायचात, आणि मुलं हसायची. त्या वर्षी पावसाळ्यानंतर कॉलेजची डिंकाची बाटली संपली आणि मागणी करूनही नवी आली नाही. मी घरून धावड्याचा डिंक आणला. आमचा मामा रानातून डिंक गोळा करायचा, त्याने ताईच्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी डबाभर दिला होता. मी चुलीवर त्यातला मूठभर पाण्यात शिजवून फडक्याने गाळला, तेव्हा आई म्हणाली, "बाळंतिनीचा डिंक मुंग्याले? कोन्या कालेजात शिकवते हे?" तुम्हाला मी यातलं काही सांगितलं नाही. डिंक चांगला होता, फक्त वाळताना पसरायचा.

चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडच्या रानात आपण मुलांना घेऊन गेलो होतो ते त्याच महिन्यात. तुम्ही ती कापडी टोपी घातली होती आणि गुडघा दुखत होता म्हणून फार आत आला नाहीत. एका ऐनाच्या बुडाशी, मुळांच्या खोबणीत तो काळा मुंगळा तुम्ही स्वतः चिमट्याने उचललात. दुसऱ्या दिवशी मी तो चिकटवला. त्याच्या पुढच्या दिवशी तुम्ही खिडकीशी बसून त्याला बघता आहात आणि मी शेजारी बशी घेऊन उभी आहे, हे मला आजही दिसतं. तुम्ही काटे मोजलेत, मिशीचे मणके मोजलेत, पेन उघडलंत आणि जमिनीत घर करणाऱ्या जातीचं नाव लिहिलंत.

दिवाळीत मी मामाच्या गावी गेले. त्याचं गाव रानाला लागूनच आहे. अंगणातून तसलाच मुंगळा चालला होता, म्हणून मी त्याला विचारलं, हे कुठे राहतात.

"हा नाई माहीत तुले? येनावर राह्यते हा. दोन पानं चिकटवते अन् मंधात बसते."

"आमचे सर म्हणतात जमिनीत राहतो."

"जमिनीत कायले जाईन? तुह्या सरले म्हनाव, एक डाव वर चढून पाहा. खाली उभं राहून मुंगळ्याचं घर कसं दिसन?"

मग साठीच्या घरातला तो माणूस लुंगी खोचून ऐनावर चढला आणि एक फांदी तोडून खाली टाकली. चटणीच्या लाल मुंग्या बांधतात तसं मोठं घर नव्हतं ते. दोनच पानं एकमेकांवर टेकवलेली, कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं विणकाम आणि त्यावर सालीचा भुसा थापलेला. बाहेरून वाळलेलं पान वाटेल असं. आत काळे मुंगळे आणि त्यांची पांढरी पिल्लं. मामा वर चढून आला म्हणून खूश होता. "आता सरले विचार, हे जमीन आहे का म्हनून."

सुट्टी संपल्यावर मी ते घर जेवणाच्या डब्यातून घेऊन आले आणि सहा मुंगळे स्पिरिटच्या कुपीत. तुमचा तास चालू होता, हे माझं चुकलं. मी थांबायला हवं होतं, सगळ्यांसमोरच डबा उघडून सांगितलं की मामाने हे ऐनावरून उतरवलं. पण तुम्ही जे बोललात ते तास चालू होता म्हणून बोलला नाहीत. तुम्ही डब्यात एक नजर टाकलीत आणि म्हणालात, "मुंगीचा पत्ता सांगू नको, अंग सांग. झाडावर सापडली म्हणजे झाडावरची होते का? तो मुंगळा मी बघितला आहे आणि लिहिला आहे." मी म्हटलं, सर, हे सहा एकदा बघता का. तुम्ही कुपी हातातसुद्धा घेतली नाहीत. "तुझं काम काचा पुसायचं. जाती ठरवायला मी आहे." मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, मामाले पीएचडी देऊन टाका." सगळे हसले. तुम्ही पण हसलात. तुमचं बोलणं मी विसरू शकले असते, कारण बोलणं तुमचं तसंच होतं. त्या हसण्याचं मात्र मी कधी काही करू शकले नाही.

कुपीत मी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घातली, शाई स्पिरिटमध्ये विरघळते म्हणून. झाड, गाव, तारीख, आणि ज्याने घर उतरवलं त्या मामाचं नाव. हेही तुम्हीच शिकवलं होतं. कुपी माझ्या खणात ठेवली. दर वर्षी स्पिरिट उडून कमी व्हायचं आणि मी भर घालायची. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी तुमचं काळ्या दोऱ्याचं भिंग मला दिलंत आणि म्हणालात, "घे. डोळे तुझे चांगले आहेत." लोक म्हणाले, बघ, सरांचा तुझ्यावर किती जीव. असेल. माझाही होता. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा पहिल्या गाडीने मी गोंदियाला आले होते आणि काकूंच्या शेजारी दिवसभर बसले होते. पण भिंग दिल्याने ती गोष्ट मिटली असं मला त्या दिवशी वाटलं नव्हतं आणि आज वाटत नाही.

या वर्षी कॅमेरा लावलेला नवा मायक्रोस्कोप आला आणि पेट्यांचे फोटो काढायचं ठरलं. फोटोसाठी नमुने निवडायचं काम मला मिळालं. तुमचा मुंगळा पडद्यावर मोठा करून पाहिला तर कमरेवर तपकिरी खडा बसलेला. डिंक. तुमचा विषय आता शिकवणाऱ्या नव्या मॅडमना विचारून मी टाचणी काढली, कागदासकट मुंगळा काचेच्या वाटीत ठेवला आणि कोमट पाणी सोडलं. डिंक आधी फुगला, मग पांढरट झाला, मग ब्रशने निघाला. जमिनीतल्या जातीच्या कमरेवर चार आखूड दात असतात. इथे दोन लांब काटे होते, मागे वळून पोटाच्या दोन्ही बाजूंना गेलेले. माझ्या कुपीतले सहाही बाहेर काढले. सहाच्या सहा तसेच. मॅडमनी फोटो बाहेरच्या एका तज्ज्ञांकडे पाठवले, त्यांनीही मी म्हणत होते तेच नाव कळवलं. जात नवी नाही, सर. जगाला ती कधीपासून माहीत आहे. आपल्या पेटीतच ती चुकीच्या नावाने बसली होती. तुम्ही अंग सांग म्हणाला होतात ना. हे घ्या अंग.

मग प्राचार्यांनी मला बोलावलं. ते गोंदियाचे, माणूस वाईट नाही. म्हणाले, "ताई, सगळी जुनी लेबलं काढून छापील लावा. पिवळी पडली आहेत, शोभत नाहीत. आणि त्या मुंगळ्याचं जे आहे तेच राहू द्या."

"जुनं लेबल काढत नसतात."

"कोण म्हणतं?"

"सरच म्हणायचे."

"बरं, नका काढू. पण तुमचं नका लावू. काकू येणार, बाहेरचे लोक येणार. त्यांच्या नावाच्या कार्यक्रमात त्यांचीच चूक दाखवायची का? जाने दो ना ताई, एक मुंगळाच तर आहे."

"मग लावू द्या ना. एक मुंगळाच तर आहे."

ते थोडे हसले आणि मग गंभीर झाले. परिचराने प्राध्यापकांचं लेबल दुरुस्त केलं, हे लोकांना कसं दिसेल, असं म्हणाले. मी म्हटलं, लेबलावर हुद्दा लिहीत नाहीत, नाव लिहितात. नोकरीची आता दोनच वर्षं राहिली आहेत, उगाच कशाला, असंही त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, म्हणूनच. माझ्यानंतर ही कुपी कोण सांभाळणार? कुणीतरी मोरीत ओतून देईल आणि मुंगळा कायमचा जमिनीत जाईल. शेवटी ते म्हणाले, "बघा मग, तुमचं तुम्ही." त्याचा अर्थ काय ते मला उद्या कळेल. कार्यक्रमाआधी कुणी ते लेबल काढलं तर मी दुसरं लिहून लावणार आहे. चार लिहून पर्समध्ये ठेवली आहेत.

तुमचा मान मी कमी केला असं मला वाटत नाही. काही लोकांना वाटेल, त्यांना वाटू दे. तुमची रीत तुम्ही मुलांना शिकवलीत आणि मलाही शिकवलीत. ती मुलांसाठी आणि माझ्यासाठी वेगवेगळी होती हे मला कधी कुणी सांगितलं नाही, म्हणून मी ती सगळ्यांनाच लागू धरली. तुम्हालाही. मामा मागच्या वर्षी गेला. त्याचं नाव आता कुपीतल्या पेन्सिलीच्या चिठ्ठीवर आहे आणि पेटीच्या यादीतही आहे, घर कुणी दाखवलं त्या रकान्यात. ते मी प्राचार्यांना न विचारताच लिहिलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे एक राहिलेलं लिहिते. त्या दिवशी तुम्ही खिडकीशी काटे मोजत होतात, तेव्हा डिंक कमरेवर चढलेला मला दिसत होता. चहाचं पाणी स्टोव्हवर होतं. सर, जरा द्या, धुवून आणते, एवढंच म्हणायचं होतं. पण आदल्या दिवशीच तुम्ही आंघोळीवरून बोलला होतात आणि डिंक घरचा होता. परत ऐकून घ्यायचं नव्हतं मला. मी बशी धरून गप्प उभी राहिले आणि तुम्ही पेन उघडलंत. माझ्या लेबलावर अजून एका ओळीची जागा आहे. तिथे मी हे लिहिलेलं नाही.