झाकणावरचा गरुड

न्युरेम्बर्ग, १४ ऑक्टोबर २००६
या नोंदींतून एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: वरच्या मजल्यावरील फ्राऊ होल्त्सर यांच्याकडचा लष्करी बिअरमग त्यांच्या वडिलांचा नाही. त्यांनी विचारले म्हणून हा खटाटोप. एरवी मी आपण होऊन मत देत नाही. (हे वाक्य माझी सून मंजिरी मान्य करणार नाही.)
त्यांचे म्हणणे असे: वडील कोनराड बेक, पायदळात. त्या दोन वर्षांच्या असताना वारले. घर बॉम्बहल्ल्यात जळाले, फोटोही उरला नाही. युद्धानंतर आत्याने हा मग आणून दिला, 'तुझ्या बापाचा' म्हणून. आता वय चौऱ्याऐंशी. भाचा म्हणतो, असले मग पर्यटकांसाठी ढिगाने बनवतात.

१९ ऑक्टोबर
मग तपासला. सक्तीची सेवा संपली की शिपाई असा मग करवून घेत. चिनीमातीचा, कथलाच्या झाकणाचा. त्यावर आपले नाव, पलटण, साल, कडेने खोलीतल्या सोबत्यांची यादी. माझ्याकडे सात आहेत. मी बिअर घेत नाही. पत्नी शांता गेल्यावर हा नाद लागला. वस्तू आपली साक्ष आपण देते, मध्ये कोणी बोलत नाही.
यांच्या मगावर बव्हेरियाचे पायदळ, १९०७–०९, नाव बेक, एकोणीस सोबती. यादी वहीत उतरवून घेतली. सर्व यथास्थित, पण झाकणाच्या खटक्यावर गरुड. बव्हेरियाच्या पलटणीला सिंह हवा, गरुड प्रशियाचा. झाकण खोटे. सबब मग खोटा.

२४ ऑक्टोबर, भाऊबीज
मं. फराळाची ताटली घेऊन वर निघाली, मीही गेलो. दुभाषी तीच. जिन्यात म्हणाली, "बाबा, आज सणाचं नका ना सांगू. सांगायचंच तर 'खात्रीनं सांगता येत नाही' म्हणू या." मला खात्री होती, नकार दिला.
दहा मिनिटांत क्रमवार मांडले. फ्रा. हो. मधून मधून 'गेनाऊ' (अगदी बरोबर) म्हणत राहिल्या, जणू परीक्षेला बसल्या होत्या. शेवटी एक वाक्य बोलल्या. मं.ने ते बराच वेळ मराठीत आणले नाही.
"म्हणजे आत्या माझ्याशी खोटं बोलली."
मी म्हणालो, तसा निष्कर्ष निघतो.

२६ ऑक्टोबर
ताटली परत आली. धुतलेली, रिकामी. दुसऱ्याची ताटली रिकामी पाठवू नये, हे त्यांना मं.नेच शिकवले होते. तीन वर्षे न चुकता प्लमचा केक येई.
शांता म्हणायची, तुम्ही वाद जिंकता आणि समोरचा उठून जातो.

२ डिसेंबर
मग त्यांच्या बाल्कनीच्या कठड्यावर. झाकण उघडे, आत कपड्यांचे चिमटे. सत्य पचले तर. समाधान वाटले.

२७ जानेवारी २००७
कडाक्याची थंडी. मगात साचलेले पाणी गोठले, मग उभा तडकला. फ्रा. हो.नी तो खाली आणून कचऱ्यात टाकताना मं.ने पाहिले. म्हणे, हातमोजे घातले नव्हते.

१२ मे
जुन्या वस्तूंच्या बाजारात एक मग. तीच पलटण, तीच कंपनी, १९०७–०९. सिंह जागेवर. सोबत्यांची यादी वाचत गेलो. अकरावे नाव: बेक.
वही खिशात होती. तिच्यातली अठरा नावे जुळली. एकोणिसावा या मगाचा धनी, आणि त्याच्या जागी बेक. नक्कल करणारा इतके करत नाही.
विक्रेत्याला गरुडाचे विचारले. त्याला त्यात विशेष काही वाटले नाही. पहिल्या युद्धात सरकार कथील गोळा करत होते. लोकांनी झाकणे दिली, पुढे जे मिळाले ते बसवले.
वीस वर्षे तर्कशास्त्राच्या तासाला मी विद्यार्थ्यांना हाच दोष शिकवला.

१३ मे
वर गेलो नाही. मं.ला सांगितले. ती भांडी पुसत होती. "आता सांगून काय, बाबा? मग तर गेला."
"आत्या अजून खोटी ठरलेली आहे ना," मी म्हणालो.
तिने फडके खाली ठेवले.

१४ मे
खालचा मजकूर मं. जर्मनमध्ये करणार आहे. मी विकत घेतलेला मग त्या ताटलीत ठेवून, अकरावे नाव समोर येईल असा, वर न्यायचा. या वेळी मीच. ताटली परत येईल का, याचे अनुमान करत नाही.

एका भागात आढळलेला दोष मी संपूर्ण वस्तूवर लादला. झाकण नंतरचे होते. मग कोनराड बेक यांचाच होता. आपल्या आत्या खरे बोलल्या होत्या. चूक माझी.
— य. रा. सोनवणे