वारणेतली बुडती माशी

५ जाने. ७५, शिराळा
१. सकाळी सातला वारणेत उतरले. पाणी मांडीपर्यंत.
२. दोरी एकतीस वेळा फेकली.
३. गळाला बांधलेली पिसांची माशी एकदाही बुडाली नाही.
४. मासा शून्य.
५. आबा काठावर खुर्चीत. हसले. अर्धांगाचा झटका आल्यापासून प्रथमच मोठ्याने.
माशी न बुडण्याचं कारण सापडलं. माशी बांधण्याआधी आईच्या डोक्याला तेल लावून दिलं होतं. बोटांचं खोबरेल पिसांत उतरलं. आबा म्हणाले, "बुडती माशी हाय ती. तिला त्याल पाजलंस व्हय?"

६ जाने., सातारा
कर्नलसाहेबांचं पत्र पुन्हा वाचलं. आबा त्यांच्या हाताखाली सुभेदार होते, काश्मीरला ट्राउट धरायला त्यांच्याकडूनच शिकले. साहेब आता तिथंच राहतात. एप्रिलमध्ये तीन दिवस नदीवर या म्हणतात. आबांचा उजवा हात उचलत नाही. "नुसतं बघाया कशाला जायाचं?" गळाची काठी मी धरते, असं मी साहेबांना कळवलं होतं. त्यांची अट: आधी वाहत्या पाण्यात, बुडत्या माशीवर, एक मासा. नवशिक्याला परवाना काढून देणार नाहीत. सभ्य भाषेत लिहिलंय.
तरी अटच.

१९ जाने., शिराळा
हात शिकेकाईनं धुतले. दोरीच्या टोकाला नदीचा गाळ चोळला. माशी बुडाली.
दोरी आडवी नाही, प्रवाहाच्या दिशेनं ४५ अंशांत. मध्ये दोरीला बाक येऊन पोट पडतं, माशी फरफटते. फरफटणारी माशी मासा घेत नाही. पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचं. कागदावर काढून पाहिलं, लगेच कळलं. मनगटाला अजून नाही.
आई: "लोक इचारत्यात, सुभेदाराची पोरगी पाण्यात काय हुडकतीया?"
मासा, म्हणून सांग.
"तेच सांगितलं. हसत्यात."

२ फेब्रु.
दोरीला माशाचे दोन झटके जाणवले. दोन्ही वेळा ओढलं, दोन्ही गेले. आबा काठावरून "आला!" म्हणतात आणि माझा हात उडतो.
"वढू नगंस. माशी घिऊन वळू दे त्याला. आपसूक लागतोय."
मग तुम्ही ओरडू नका, आबा.
"बरं." थोड्या वेळानं, "न्हाई जमायचं मला."
पुढच्या रविवारी त्यांची खुर्ची वीस पावलं वर ठेवायची.

९ फेब्रु.
शून्य. ओढलं मात्र नाही. एप्रिलला दोन महिनेही नाहीत.

१६ फेब्रु.
लागला. खडस, २३ सेंमी. स्टीलची पट्टी खिशात होती. दोरी वळून सरळ झाली होती, माशी प्रवाहात टांगलेली, तिथं घेतली. गळ जबड्याच्या कोपऱ्यात, लागावा तिथंच.
मासा आबांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी पाण्यात धरला, श्वास घेऊ दिला, सोडला. बराच वेळ हात पाण्यातच.
आता जायचं ना?
"सायबाचा कागद येऊ दे."
एक गोष्ट त्यांना सांगितली नाही.

१७ फेब्रु., सातारा
पत्र टाकलं. शेवटचा भाग इथं उतरवते.
"सात रविवार, मासा एक. तो लागला तेव्हा माझी नजर दोरीवर नव्हती. वडिलांची शाल खांद्यावरून घसरली होती, मी तिकडे पाहत होते. हात स्थिर राहिला, एवढंच. आपली अट यात पुरी होते की नाही, हे आपण ठरवावं. नाही म्हणालात तर वडील येणार नाहीत. मला रजेचा अर्ज १५ मार्चला द्यायचा आहे. त्या तारखेपर्यंत उत्तर मिळावं, ही विनंती."