सत्त्याण्णव साली आपण वर चढलो तेव्हा

पलूस, सोमवार

प्रिय मित्र बिराप्पा यास,

हंबीररावाचा पलूसहून रामराम. आम्ही सगळी धडधाकट आहोत. तुला साताऱ्याची हवा मानवली का? पलटणीतून सुटून कारखान्याच्या गेटवर बसल्यापासून तुझं पोट सुटलंय असं ऐकतो. रंगुमावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं ना? (फोनवरच विचारलं असतं, पण तू फोन मध्येच ठेवतोस. पत्र शेवटपर्यंत वाचावं लागतं.)

तर गड्या, आपलं किसान फुटबॉल मंडळ काल अ गटातून खाली घसरलं. अठ्ठावीस वर्षांनी परत ब गटात. तेही साताऱ्याच्या त्याच मैदानावर, जिथं सत्त्याण्णव साली आपण वर चढलो होतो. तू सामन्याला आला नाहीस ते बरं झालं.

तुला तो दिवस आठवतो? टेम्पोतून निघालो तर अकरा जणांत बूट सात जोड्या, बाकीचे कॅनव्हासवर. तुझे हातमोजे रंगुमावशीनं जुन्या घोंगडीचे शिवलेले. पावसात ते भिजून असे जड झाले की तुला हात वर करवेना. (तरी शेवटच्या मिनिटाला तू तो चेंडू अडवलास. छातीनं अडवलास, पण अडवलास.) पेनल्टी मी मारली होती, डाव्या कोपऱ्यात, आणि त्या एका गोलवर आपण वर चढलो.

यंदा मी कोच. पोरांकडं सगळं आहे. गोलकीपर मल्हारच्या हातमोज्यांना बोटागणिक पट्ट्या आहेत. पण बारा सामन्यांत दोन विजय, आणि त्यातला एक शिरवळजवळ समोरच्यांची गाडी बंद पडल्यामुळं. मी म्हटलं, ही पोरं लाडावलीत, यांना सत्त्याण्णवचा सराव दिला पाहिजे. म्हणून आपल्यासारखं पहाटे नांगरलेल्या रानातून पळवलं, तेही कॅनव्हास घालून. पहिल्याच दिवशी तिघांचे घोटे मुरगळले. त्यात ऋषिराज होता. (यंदाच्या नऊ गोलांतले सहा त्याचे.) पायाला पट्टी बांधून तो मला म्हणाला, "काका, तुमी असंच पळायचा?" मी व्हय म्हणालो. खरं तर आपण पळायचो ते रानाच्या बांधावरून. हे मला त्याच्या सुजलेल्या पायाकडं बघताना आठवलं.

कालच्या सामन्यात बरोबरी झाली असती तरी आपण वाचलो असतो. एक गोल खाल्ला होता. पाच मिनिटं उरली असताना पेनल्टी मिळाली. कॅप्टन शिवतेज चेंडू ठेवून उजव्या कोपऱ्याकडं बघत होता. मी बाहेरून ओरडलो, "डावीकडं हाण, शिव्या, डावीकडं!" ते साऱ्या मैदानानं ऐकलं. त्यांच्या गोलकीपरनंही ऐकलं.

पोराची जात गुणी. माझा शब्द मोडला नाही, डावीकडंच मारली. गोलकीपर तिथं आधीच जाऊन बसला होता.

सामना संपल्यावर शिवतेज माझ्याशेजारी येऊन टेकला. डोळे लाल. म्हणाला, "काका, तुमच्या वेळचा गोलकीपर उजवीकडं पडायचा. ह्यो डावीकडं पडला." एवढंच. शिवी दिली असती तर सोसली असती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सत्त्याण्णवचं नाव काढलं नाही.

मावशीला माझा नमस्कार सांग. उत्तर लगेच धाड.

तुझा,
हंबीरराव

ता. क. मी कोचपदाचा राजीनामा दिला आहे. नवा कोच म्हणून मंडळाच्या फलकावर तुझं नाव रंगवून झालंय. तू वर चढवून पुढच्याच महिन्यात भरती झालास, अ गटात एकही सामना खेळला नाहीस. आता पोरांना घेऊन तरी वर ये.

आणखी ता. क. तुला न्यायला रविवारी गाडी येईल. रजा टाकून ठेव.

शेवटचं ता. क. आमची बनुबाई खांद्यावरून वाचतीय. म्हणते, "आवं, खरं लिवा की. राजीनामा कुठं दिला? पोरांनी काढलं तुमाला." व्हय, काढलं. पण माझ्या जागी कुणाला आणायचं, हे विचारायला ती सगळी मिळून माझ्याच दारात आली होती.