बोटी बंद व्हायच्या आत

२ मार्च १९३४, शुक्रवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसे ठेवतात. ती १ जानेवारीपासून ठेवतात हे मला ठाऊक आहे, पण जानेवारीत माझे डोके ठिकाणावर नव्हते. मॅट्रिकला दुसऱ्यांदा गणिताने दगा दिला. कॅरॅक्टरने दिला नाही, हे महत्त्वाचे.
निश्चय : पहाटे उठणे. थंड पाण्याने स्नान. चहा बंद. गावातल्या तरुणांना मार्गावर आणणे.
आज उठायला आठ वाजले. शिमग्याचे ढोल. अशा गावात विल-पॉवर टिकायची कशी? चहा घेतला, पण अर्धाच.

५ मार्च
मुंबईहून बोटीने आलेल्या एका गृहस्थाबरोबर रावजीमामाचा निरोप. मामा तिकडे गोदीत मुकादम आहे. त्याच्या साहेबाला गुदामात इंग्रजी वाचता येणारा कारकून हवा. मामाने माझ्यासाठी शब्द टाकलाय. बोटी बंद व्हायच्या आत विठूला धाडा, पुढे साहेब थांबायचा नाही, असा निरोप.
पावसाळाभर रत्नागिरीला बोट येत नाही. शेवटची मे अखेरीस. म्हणजे भरपूर वेळ आहे.
बाबा रजेवर घरी आहेत. ते मोठ्या आगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके. लंडन, एडन, सगळे बघून आलेले, पण प्लॅनिंग म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही. म्हणाले, उद्याच्या बोटीनं जा. मी म्हटले, तयारी नसता उडी घेणे हे अडाण्याचे लक्षण. बाबा म्हणाले, उडी नाय मारायची रे, शिडी चढायची हाय.
ही शिडी म्हणजे आमच्या बंदराची सदोष व्यवस्था. बोट धक्क्यापर्यंत येत नाही, खोल पाण्यात उभी राहते. पडावात बसून तिच्यापाशी जायचे आणि हलत्या पडावातून हलत्या शिडीवर पाय टाकायचा. विसाव्या शतकात! सरकारला अर्ज करण्याचा विचार आहे.
लहानपणी मामाला पोचवायला पडावातून गेलो होतो तेव्हा जे झाले त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

१६ मार्च, पाडवा
शुभ मुहूर्तावर ‘उत्कर्ष वर्ग’ सुरू. दर रविवारी आणि सणाला, मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर. विषय : आयुष्यात पुढे कसे जावे. हजर : बाळा आणि आणखी दोघे. ते दोघे पत्ते खेळायला आले होते, पण उठून गेले नाहीत. वक्तृत्वाचा परिणाम.
बाळा बंदरावर आंब्याच्या करंड्या वाहतो. मनाने चांगला, अॅम्बिशन नाही.
देवळाला लागूनच सखारामशेटचे अंगण. ते आंब्याचे व्यापारी. त्यांची दमयंती करंड्यांत पेंढा भरत होती. मी बोलू लागल्यावर तिचा हात थांबला. मराठी सातवी पास आहे, समजत असणार.
दमयंतीविषयी अजून काही ठरलेले नाही, पण ठरल्यासारखेच आहे. सखारामशेट आईला म्हणाले आहेत की पोरगा मुंबईला नोकरीला लागू दे, दुसऱ्या दिवशी सुपारी फोडू. म्हणजे फक्त मुंबईला जायचे उरले. बाकी सगळे झाले आहे.

२५ मार्च
वर्ग. विषय : योग्य धंद्याची निवड. बाळाने मध्येच विचारले, मास्तर, मी खलाशी होऊ काय? मी त्याला सविस्तर समजावले की समुद्र हे तरुणाचे क्षेत्र नव्हे. तिथे प्रगती नाही, पाया नाही, पायाखाली जमीनसुद्धा नाही. त्याने टायपिंग शिकावे.
टायपिंगचे यंत्र कुठे आहे, असे तो म्हणाला. नकारात्मक वृत्ती.
उठायला साडेआठ. चहा दोनदा.

१ एप्रिल
बाळा माझे ऐकायचे सोडून बाबांकडे गेला! बाबा त्याला नळी काढून देणार आहेत. नळी म्हणजे खलाशाचा दाखला. तो असला की बोटीवर काम मिळते. मी बाबांना विचारले, तुम्ही माझ्या विद्यार्थ्याची दिशा का बदलता? ते म्हणाले, त्यानं इचारलं, तू कदी इचारलंस? यावर मी उठून पुढच्या व्याख्यानाची तयारी करायला बसलो. संयम हा माझ्या स्वभावाचा पाया आहे.

८ एप्रिल
वर्गाचा विषय : धाडस. आजवरचे सर्वोत्तम व्याख्यान. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे वाक्य म्हणताना माझ्याच अंगावर काटा आला.
नंतर विहिरीपाशी दमयंती भेटली. मला पोहता येते का, असे तिने विचारले नाही, हे तिचे सौजन्य. तिने विचारले ते वेगळेच. म्हणाली, भ्या नसणं म्हंजे धाडस, का भ्या असून जाणं?
मी म्हटले, हा मुद्दा पुढच्या व्याख्यानात येईल. प्रश्न इथे टिपून ठेवतो. उत्तर सवडीने.
जाता जाता कळशी कडेवर घेऊन सरळ बोलली की लगीन तुमच्याशीच करीन, पण हितं ओसरीवर बसून ऱ्हाणाऱ्याशी नाय. माझ्यावरचा विश्वास! मला फार आनंद झाला. घरी येईपर्यंत शीळ घातली.

१४ एप्रिल
बाबा म्हणाले, सोमवारच्या बोटीचं तिकीट काढतंय. सुदैवाने मी पंचांग पाहून ठेवले होते. आजपासून अधिक वैशाख! धोंड्या महिन्यात नव्या कामाला आरंभ करीत नाहीत. मी स्वतः रूढींचा विरोधक आहे, त्यावर एक व्याख्यानही योजले आहे. पण आईच्या मनाला लागेल ते माझ्याने होणार नाही.
आई म्हणाली, माझ्या मनाला काय लागत नाय, तू जा. अधिक म्हयना लग्नमुंजीला, नोकरीला कसला? भटजींनाही तिने विचारून घेतले. त्यांचेही तेच मत. भटजींचे ज्ञान वरवरचे आहे.
बाबा एवढेच म्हणाले की गोदीतल्या सायबाला धोंडा म्हयना नसतो, आणि उठून बाहेर गेले.
एक महिना मिळाला. त्याचा पुरेपूर उपयोग करायचा.

२९ एप्रिल
महिन्याचा उपयोग : ट्रंक घेतली. पत्र्याची, हिरवी. झाकणावर पांढऱ्या तेलरंगाने स्वतः लिहिले : व्ही. डी. शिवलकर, मुंबई. पहिल्यांदा ‘मुंबई’ जागेत मावेना, म्हणून सगळे खरवडून पुन्हा काढले. आठवडा गेला, पण अक्षर असे आले आहे की रस्त्याने जाणारा थांबून बघतो. माणूस अर्धा तयारीत दिसतो, असे मी वर्गात सांगितलेच आहे.
वर्गाचा विषय वेळेची किंमत हा होता. रंग वाळेपर्यंत थांबावे लागल्याने मी पोचलो तेव्हा लोक उठले होते. दमयंती तेवढी पायरीवर बसून होती. अंगणातून ती पायरीवर कधी आली, लक्षात आले नाही. व्याख्यान तिला एकटीला दिले. ती कागदावर टिपून घेते.
मामाचा पुन्हा निरोप. साहेब विचारतो आहे.

६ मे
बाळा गेला. मुंबईला बाबांच्या ओळखीचा सारंग त्याला बोटीवर घेणार. बंदरावर बाळा माझ्या पाया पडला आणि म्हणाला, मास्तर, तुमचं ऐकलं नसतं तर अजून करंड्याच वाहत असतो. मी त्याला नेमके उलट सांगितले होते, पण आभार मानणाऱ्याची चूक दुरुस्त करणे बरे दिसत नाही.
शिडी तो माकडासारखा चढला म्हणे. मी धक्क्यावरून पाहत होतो, पण नेमका तेव्हा डोळ्यांत कचरा गेला.
पत्तेवाले दोघे सीझनपुरते आंब्याच्या बागेत राखणीला गेले आहेत. वर्गाची संख्या घटली, दर्जा वाढला.

१४ मे
निज वैशाख लागला. आता आड काही नाही, असे बाबा सकाळीच म्हणाले. तिकीट काढून आले. रविवारची बोट.
मी तयार आहे. आतून पूर्ण शांत. रात्री झोप लागत नाही ती उकाड्याने.

२० मे, रविवार
पोट बिघडले. काल हापूस जास्त झाला. आई म्हणते तू एकच खाल्लास. आईला मोजदाद नाही.
बोटीचा भोंगा ऐकू आला आणि बोट गेली तसे पोट आपोआप बरे झाले. देशी औषधाचा गुण.
बाबांनी तिकीट बदलून आणले. २७ तारखेची, शेवटची बोट. संध्याकाळी घराच्या पायरीवर बसले. मग मला हाक मारली, आणि शेजारी बसवून हळू आवाजात सांगितले : चढताना खालचं पाणी बघू नको. शिडी बघ. पयल्या बोटीला मी पण थरथरलो होतो.
मी म्हटले, माझा तो प्रश्नच नाही. बाबा बरं म्हणाले.

२३ मे
मोठी बातमी! माझ्या वर्गाला पहिले यश! दमयंती नर्सिंग शिकायला मुंबईला निघाली. तिची तुळसाआत्या तिथल्या एका दवाखान्यात कामाला आहे. आंब्याच्या दिवसांत माहेरी आली होती, परतताना तिला नेणार. सखारामशेट आधी फार चिडले. घराण्यात बाईमाणूस असं कदी गेलं नाय, म्हणाले. मग दमयंतीने माझी टिपणे काढून वाचून दाखवली. योग्य धंद्याची निवड, धाडस, वेळेची किंमत. सखारामशेटनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. शेवटी म्हणाले, विठू पण त्याच बोटीला हाय ना? मग जा.
म्हणजे सगळे माझ्यावर उभे आहे. ती दवाखान्यात, मी गोदीत, कार्तिकात लग्न.
तिने मला विचारले, येताय ना नक्की? मी हसलो. म्हटले, टिपणे कोणाची आहेत?

२७ मे, रविवार. सकाळ
पाचला उठलो. थंड पाण्याने स्नान केले. चहा घेतला नाही. सगळे निश्चय एकाच दिवशी पुरे झाले. आईने वाटेसाठी बेसनाचे लाडू दिले. ट्रंक ऊन पडले की चमकते. आता पुढची नोंद मुंबईहून.

त्याच दिवशी. दुपार
घरी.
जरा बरे वाटल्यावर लिहितो.

संध्याकाळ
घडले ते निर्विकारपणे लिहितो.
पडावात तुळसाआत्या, दमयंती, मी, बाबा पोचवायला, आणि ट्रंक. समुद्र शांत होता असे सगळे म्हणतात. माझे मत वेगळे आहे.
बोट जवळ आली ती घरावर घर ठेवल्यासारखी दिसत होती. माझी ट्रंक सर्वांत आधी वर चढवली. तुळसाआत्या चढल्या, तोंडाने देवाचे नाव आणि हातात लोणच्याची बरणी. मग दमयंती. पदर खोचला, चपला काढून हातात घेतल्या, एक लाट वर आली तशी पाऊल टाकले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती घाबरली होती, मला स्पष्ट दिसत होते. तरी गेली.
दोन पायऱ्यांवर थांबली, वळली, आणि हात पुढे केला. म्हणाली, बघू नका खाली, माझ्याकडं बघा.
मी खाली बघितले.
मग मी म्हणालो की तुम्ही पुढे व्हा, माझी एक वस्तू धक्क्यावर राहिली आहे. काय वस्तू, हे कोणी विचारले नाही. ती हात तसाच धरून उभी होती. वरून भोंगा झाला. पडावाचा तांडेल ओरडला, बाय, वर जा. तेव्हा तिने हात मागे घेतला. रागावली नाही. रागावली असती तर मला बरे वाटले असते.
ट्रंक पुन्हा दोरीने खाली सोडावी लागली. तांडेल म्हणाला, इतकी वर्सं पडाव मारतंय, बोटीवर जाऊन परत येणारा पॅसेंजर आज पयला. बाबांनी त्याला गप्प बसायला सांगितले. वाटेभर त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. तो काढा म्हणावे असे वाटत होते, पण म्हटले नाही.

२८ मे
कालच्या प्रकाराचा शांतपणे विचार केला. गोदीतली नोकरी माझ्या योग्यतेची नव्हतीच. साहेबाच्या हाताखाली व्यक्तिमत्त्व दबते. कोल्हापूरवरून मोटरने, पुढे आगगाडीने मुंबई गाठता येते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याला जो खर्च येतो तो वकील लोकांना परवडतो. आणि घाटात मोटर लागते असे ऐकले आहे.
निश्चय : गणपतीनंतर बोटी सुरू होतील तेव्हा पहिल्या बोटीने जाणे. तोवर पोहायला शिकणे. विहिरीत. विहिरीला शेवाळ आहे. तोवर पोहण्यावर वाचन.
संध्याकाळी ओसरीवर जाऊन बसलो. कोणी आले नाही. पायरीवर पेंढ्याच्या चार काड्या पडल्या होत्या. विहिरीवरच्या प्रश्नाचे उत्तर मला काल मिळाले, पण ते सांगायला कोणी नव्हते.

३१ मे
आई पावसाची बेगमी करते आहे. मीठ, लाकडे, पापड, सुकी मासळी. डबे पुरले नाहीत.
दुपारी झोपून उठलो तर माझी ट्रंक स्वयंपाकघरात, आणि ती काठोकाठ सुकटीने भरलेली. मी म्हटले, आई, हे काय? गणपतीनंतर मला ती मुंबईला न्यायची आहे. सुकटीचा वास पत्र्यात बसला की चार पावसाळे जात नाही, हे तूच सांगतेस.
आई म्हणाली, व्हय. आणि झाकण लावले.
नाव पुसलेले नाही. अक्षर अजून सुरेख दिसते. व्ही. डी. शिवलकर, मुंबई. त्याच्यावर आईने पापडाचे डबे रचले.
वाटेसाठीचे लाडू आज संपले.